नरबळी ते मुंज्या: पुणं, मराठी सिनेमा आणि भीतीची नव्वद वर्षं

पुण्याच्या हद्दीतल्या सगळ्यात उंच टेकडीवर वेताळाचं देऊळ आहे आणि टेकडीही त्याच्याच नावानं ओळखली जाते. पेठांमध्ये मुंजाबाचा बोळ आहे, खुन्या मुरलीधर आहे. शनिवारवाड्यात ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. रात्री-अपरात्री तिथं अजून काकाला घातलेली हाक ऐकू येते, ही दंतकथा पुण्यातल्या प्रत्येक पोरानं शाळेतच ऐकलेली असते. प्रभात स्टुडिओ, पुढं फिल्म इन्स्टिट्यूट आणि राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे सगळं याच शहरात उभं राहिलं. भुतांची एवढी दौलत आणि कॅमेऱ्यांची एवढी सोय असताना मराठीत भयपटांची परंपरा केव्हाच रुजायला हवी होती. प्रत्यक्षात सरळसरळ घाबरवणारा मराठी सिनेमा मोठ्या संख्येनं यायला एकविसाव्या शतकाचं दुसरं दशक उजाडलं.

हा उशीर का झाला आणि मग एकदम काय बदललं, हे पाहायचं तर नुसती भुतं मोजून भागत नाही. १९३४ सालच्या ‘अमृतमंथन’पासून २०२४ च्या ‘मुंज्या’पर्यंत नव्वद वर्षांचा पट मांडला, तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. मराठी पडद्यावर भूत बहुतेक वेळा निमित्त असतं, खरी भीती बळीची असते. धनासाठी, वंशासाठी, गादीसाठी आपल्याच माणसानं आपल्याच माणसाचा दिलेला बळी. पुण्याचं वैशिष्ट्य असं की या भीतीशी झुंजणारे सुधारक आणि तिला रूप देणारे कलावंत, दोघंही इथं शेजारीशेजारी काम करत राहिले.

आधी लोकसमजुतीतली भुतं कशी होती ते पाहू. मुंज झाली पण लग्नाआधीच मेला, तो मुंजा होऊन पिंपळावर बसतो. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण किंवा हडळ होते. संपत्तीत जीव अडकलेला ब्राह्मण समंध होऊन ठेव्यावर पहारा देतो. गिऱ्हा पाण्यात ओढतो, चकवा रानात वाट चुकवतो. यातली कितीतरी नावं म्हणजे समाजानं ठेवलेली थकबाकीची नोंद आहे. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं मूल जगलं नाही, कुणाचं धन पुरलेलं राहिलं. त्याच्याच जोडीनं, किल्ल्याचा बुरूज टिकावा, विहिरीला पाणी लागावं, गुप्तधन हाती यावं म्हणून माणूस बळी दिल्याच्या कथा महाराष्ट्राच्या गावोगावी सांगितल्या जातात.

एकोणिसाव्या शतकात पुण्यातच या समजुतींवर घाव पडू लागले. महात्मा फुले, लोकहितवादी आणि १८८८ मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे आगरकर यांनी शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात एक लाज रुजवली: भुताला भिणं हे अडाणीपणाचं लक्षण. ही लाज सिनेमापर्यंत झिरपली. पुण्याच्या सिनेमानं पहिल्यांदा प्रेक्षकाला दचकवलं, तेव्हा दचकवणारा पुरोहित होता, भूत नव्हतं.

प्रभात फिल्म कंपनी कोल्हापुरात १९२९ मध्ये सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला आली. त्याच वर्षी व्ही. शांताराम ‘सैरंध्री’च्या रंगीत प्रती काढून घेण्यासाठी जर्मनीला गेले होते. ‘कालिगारी’ (१९२०) आणि ‘नोस्फेराटू’ (१९२२) या चित्रपटांनी सावल्या, वाकड्या भिंती आणि रोखलेल्या नजरा यांतून भीती कशी उभी करायची हे तिथं दाखवून दिलेलं होतं. अमेरिकेत १९३१ मध्ये ‘ड्रॅक्युला’ आणि ‘फ्रँकेनस्टाइन’ येऊन गेले होते. शांतारामांनी जर्मनीतून ती नजर आणली, मात्र ती वापरली आपल्या विषयासाठी.

पुण्याच्या नव्या स्टुडिओत तयार झालेला पहिला चित्रपट ‘अमृतमंथन’. मूळ गोष्ट ना. ह. आपटे यांच्या ‘भाग्यश्री’ कादंबरीतली. अवंतीचा राजा चंडीपुढचे नरबळी आणि पशुबळी बंद करतो. संतापलेला राजगुरू गुप्त बैठक बोलावतो आणि राजाच्या खुनाचा कट रचतो. सुरुवातीलाच काळोखात मशालींचा उजेड दिसतो आणि पडदाभर राजगुरूचा एक डोळा उघडा राहतो. टेलिफोटो भिंगातून टिपलेला तो डोळा भारतीय सिनेमाच्या इतिहासात नोंदला गेला. हिंदी आवृत्तीत राजगुरू होते चंद्रमोहन, मराठीत केशवराव दाते. शेवटी उघडा पडलेला राजगुरू देवीपुढं स्वतःचंच शिर उतरवतो.

या प्रसंगाचा अर्थ त्या काळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावा लागला नाही. देवीचं नाव घेऊन सत्ता चालवणारा माणूस हाच इथला राक्षस. भीती दाखवायची सगळी कला वापरून सिनेमा शेवटी सुधारणेच्या बाजूनं उभा राहिला. पडद्यावरच्या अंधारात आणखी कुणी लपलेलं असेल, ही शक्यता प्रभातनं ठेवलीच नाही.

दहा वर्षांनी प्रभातसमोर पुण्यातली सगळ्यात गाजलेली भुताची गोष्ट आली. १९४४ च्या ‘रामशास्त्री’मध्ये नारायणरावांचा खून आहे, त्यांचे काका राघोबादादा आहेत, ललिता पवारांनी रंगवलेली आनंदीबाई आहे. चित्रपटाचा नायक मात्र न्यायाधीश. पेशव्याच्या गादीवर बसलेल्या माणसाला देहांत प्रायश्चित्त सांगणारे रामशास्त्री प्रभुणे, गजानन जागीरदारांच्या रूपात. ज्या वाड्यातून हाक ऐकू येते असं अख्खं शहर म्हणतं, त्या वाड्यात कॅमेरा शिरला आणि हाकेऐवजी निकाल ऐकवून बाहेर आला. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावरच्या समाजाला न्यायाची गोष्ट जास्त गरजेची वाटली, हे समजण्यासारखं आहे. पण त्यामुळं एक पायंडाही पडला. गंभीर मराठी सिनेमानं भुताला हात लावायचा नाही.

भीतीची भूक अशानं मरत नाही, ती दुसरीकडं जेवते. हिंदीत कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९ मध्ये आला. त्याचा कॅमेरा योसेफ विर्शिंग या जर्मन छायाचित्रकाराच्या हाती होता. १९६२ मध्ये ‘बीस साल बाद’ आला. या चित्रपटांतली भुतं शेवटी माणसंच निघत, पण तोवर प्रेक्षकाला तीन तास गारठून बसता येई. मराठी वाचकाची सोय वाचनालयांनी केली. तिथल्या फळ्यांवर नारायण धारपांची पुस्तकं कायम फिरतीवर असत. धारप (१९२५ ते २००८) हे विज्ञानाची तांत्रिक पदवी घेतलेले गृहस्थ. आयुष्याची बरीच वर्षं त्यांनी पुण्यात काढली आणि शंभराच्या घरात पुस्तकं लिहिली. त्यांचा नायक ‘समर्थ’ अमानवी शक्तींशी लढताना एखाद्या प्रयोगशाळेतल्या माणसासारखा पद्धतशीर वागतो.

स्टीफन किंगची ‘सेलम्स लॉट’ धारपांनी ‘लुचाई’ या नावानं मराठी मातीत रुजवली, ‘इट’वरून ‘शपथ’ लिहिली आणि किंगच्याच एका कथेवरून ‘आजी’ लिहिली. अंथरुणाला खिळलेली आजी, तिच्यासोबत घरात एकटा राहिलेला मुलगा आणि हळूहळू वाढणारं काहीतरी. परदेशी कल्पनेला धारपांनी मराठी घरातली माणसं, नाती आणि बोलणं दिलं, म्हणून ती परकी राहिली नाही. मुंबईत रत्नाकर मतकरी गूढकथा लिहीत होते आणि ‘खेकडा’सारख्या कथेतून भीतीचं मूळ माणसाच्या विकृतीत शोधत होते. समीक्षकांनी या लेखनाला वरच्या पंगतीत फारसं बसवलं नाही. तरी पुढं ज्यांनी मराठी भयपट केले त्यांची पिढी याच पुस्तकांवर वाढली.

दरम्यान, महाराष्ट्राची जमीन भयपटांच्या कामाला आली ती हिंदीसाठी. कराचीहून आलेल्या एफ. यू. रामसे यांच्या सात मुलांनी १९७० सालच्या ‘एक नन्ही मुन्नी लड़की थी’ या आपल्याच पडलेल्या चित्रपटातून धडा घेतला. मुखवटा घातलेले पृथ्वीराज कपूर चोरी करतात, तेवढ्याच प्रसंगाला लोक दाद देत होते. मग सगळं कुटुंब, बायका-मुलांसकट, बस भरून महाबळेश्वरला गेलं आणि ‘दो गज़ ज़मीन के नीचे’ (१९७२) तिथं चित्रित झाला. एक भाऊ कॅमेऱ्यावर, दुसरा ध्वनीवर, बायका स्वयंपाक आणि कपडेपट सांभाळत. साडेतीन लाखांत चित्रपट झाला, असं रामसे मंडळी सांगत. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधली हवेली पाहताना मुरुडच्या नवाबाचा राजवाडा ओळखीचा वाटतो. सह्याद्रीतलं धुकं आणि किनाऱ्यावरचे ओस पडलेले महाल देशभरच्या प्रेक्षकांना घाबरवत होते. मराठी सिनेमा तेव्हा तमाशाच्या फडात आणि ग्रामीण विनोदात रमला होता.

सत्तरच्या दशकात मात्र पडद्याबाहेरच असं काही घडलं, की त्यापुढं सिनेमातली भीती फिकी पडावी. परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये १९७२ ते १९७४ या काळात बायका आणि लहान मुलींचे एकामागून एक खून झाले. तपासात त्यामागं गुप्तधनासाठी बळी देण्याची कल्पना असल्याचं पुढं आलं. मुंबईहून तपासासाठी गेलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी पुढं या प्रकरणावर लिहिलं आणि २०२४ मध्ये ‘मानवत मर्डर्स’ ही मालिका त्यावरून झाली. त्याच्या चाळीस वर्षं आधी प्रभातनं ज्याला प्राचीन अवंतीची गोष्ट म्हणून दाखवलं, ते चंद्रावर माणूस जाऊन आल्यानंतरच्या महाराष्ट्रात घडलं होतं.

पुण्यात १९७६ च्या जानेवारीपासून १९७७ च्या मार्चपर्यंत जोशी-अभ्यंकर हत्याकांडानं दहा जीव घेतले. मारेकरी कलाशिक्षण घेणारे तरुण निघाले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या दिवसांत दिवेलागणीनंतर पेठांतले रस्ते ओस पडत, बेल वाजली तर आधी खिडकीतून पाहिलं जाई. दाराला आयहोल आणि साखळी बसवण्याची सवय कित्येक घरांना तेव्हा लागली, असं जुने पुणेकर सांगतात. वाड्यातलं सताड उघडं दार बंद करायला भुताची गरज पडली नाही.

याच १९७६ मध्ये वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ आला. आशा काळे, डॉ. काशिनाथ घाणेकर, सुधीर मोघ्यांची गीतं आणि हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत. नरसूच्या भुतानं एका पिढीची झोप उडवली. घरात अंधार झाला, की नरसू आला म्हणून धाकट्या भावंडांना पळवण्याचा खेळ कित्येकांनी खेळलेला आहे. पण चित्रपटाचा रोख शेवटी मनाकडं, मनावर बसलेल्या जुन्या धक्क्याकडं आणि उपचाराकडं होता. ‘रामशास्त्री’त भूत न्यायाधीशाकडं गेलं, इथं ते डॉक्टरकडं गेलं. शिकलेल्या प्रेक्षकाला घाबरण्याची मुभा मिळाली, शेवटी भुताचं कारण सापडेल या अटीवर.

पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांनी १९७३ मध्ये याहून वेगळी वाट दाखवली होती. विजयदान देथांच्या कथेवरच्या ‘दुविधा’त भूत एका नवरीच्या प्रेमात पडतं आणि परगावी व्यापाराला गेलेल्या नवऱ्याचं रूप घेऊन तिच्या घरी राहतं. इथं भुताचं कारण कुणी शोधत नाही. भूत आहे ते आहे आणि माणसांपेक्षा तेच जास्त माणुसकीनं वागतं. ही वाट कलात्मक सिनेमापुरतीच राहिली, मराठी थिएटरात ती पोहोचली नाही.

थिएटरात पोहोचला तो तात्या विंचू. महेश कोठारेंचा ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला. मरता मरता गुन्हेगाराचा आत्मा बाहुल्यात शिरतो ही कल्पना अमेरिकेतल्या ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) ची. बाहुला बनवला रामदास पाध्ये यांनी. वडील य. के. पाध्ये यांच्या अर्धवटरावामुळं बोलका बाहुला मराठी घरांना आधीपासून ओळखीचा होता. गुंड तात्या विंचूच्या भूमिकेत दिलीप प्रभावळकर आणि बाहुल्याचा धनी लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे. अमेरिकेतला बाहुला माणसांना मारत सुटतो. इथं चाळीत, पोलीस ठाण्यात, मांत्रिकाच्या गुहेत नुसता गोंधळ उडतो आणि त्या गोंधळातच मुलं दचकून खुर्चीत पाय वर घेतात. याच वर्षी ‘झी हॉरर शो’ सुरू झाला आणि रामसेंची भुतं दिवाणखान्यात आली. भय आता घरबसल्या मिळू लागलं, थिएटरात जायला हसणं हे कारण झालं. ‘पछाडलेला’नं (२००४) हीच चाल पुढं नेली.

न्यायाधीश, डॉक्टर आणि विनोदवीर अशा तिघांनी मिळून भुताला साठ वर्षं ताब्यात ठेवलं. त्याचं म्हणणं मात्र अजून कुणी ऐकलं नव्हतं. ते ऐकायची पाळी आली ती एका खऱ्या खुनानंतर, असं म्हटलं तर फार चूक ठरणार नाही.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी पुण्यात महर्षी विठ्ठल रामजी शिंदे पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर गोळ्या झाडल्या गेल्या. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती उभी केली होती आणि शनिवार पेठेतून ते ‘साधना’ साप्ताहिक चालवत होते. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले, त्याचा वटहुकूम त्यांच्या हत्येनंतर काही दिवसांतच निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. त्याच्या लांबलचक नावात ‘महाराष्ट्र’नंतरचा पहिलाच शब्द ‘नरबळी’ आहे. ‘अमृतमंथन’मधल्या राजानं केलेला कायदा प्रत्यक्षात यायला जवळजवळ ऐंशी वर्षं गेली, आणि इथंही कायदा मागणाऱ्याचा जीव गेला.

यानंतरच्या भयपटांचा सूर बदललेला दिसतो. कायद्यामुळं सिनेमा बदलला असं सरळ समीकरण मांडता येणार नाही. मल्टिप्लेक्स आले होते, डिजिटल कॅमेऱ्यानं अंधारात चित्रीकरण स्वस्त झालं होतं, कोरिया आणि जपानचे भयपट पाहिलेली पिढी दिग्दर्शनात आली होती. पण बळी हा विषय आता प्राचीन किंवा अडाणी लोकांचा म्हणून झटकता येत नव्हता. तो वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर होता.

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ १४ जुलै २०१७ रोजी आला. कर्ज देणाऱ्यांपासून लपण्यासाठी एक गरोदर तरुणी (पूजा सावंत) नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एका घरात येते. घराची मालकीण तुळसाबाई (उषा नाईक) तिला मायेनं जेवू घालते, दृष्ट काढते आणि रात्री उसातून लहान मुलांचे आवाज येतात. ऊस हा महाराष्ट्राच्या समृद्धीचा चेहरा. इथं त्याच्या उंच ओळींतून बाहेर पडायला वाटच मिळत नाही. भीतीचं मूळ पोटातल्या मुलीच्या जिवावर उठलेल्या घरात आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ मध्ये केला होता. तरीही सहा वर्षांखालच्या मुलांमध्ये दर हजार मुलग्यांमागं मुलींचं प्रमाण २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आलं. ही आकडेवारी सरकारी अहवालात वाचणारा माणूस पान उलटून पुढं जातो. ‘लपाछपी’नं त्याला उसात अडकवून ठेवलं. २०२१ मध्ये याचीच हिंदी आवृत्ती ‘छोरी’ आली.

पाठोपाठ १२ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘तुंबाड’ प्रदर्शित झाला. भाषा हिंदी, पण हाडामासानं मराठी. दिग्दर्शक राही अनिल बर्वे हे ‘थँक यू मिस्टर ग्लाड’ लिहिणाऱ्या अनिल बर्वे यांचे चिरंजीव. नाव श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’ कादंबरीतल्या गावाचं, गोष्टीतली आजी धारपांच्या ‘आजी’च्या कुळातली. बर्व्यांनी पहिला खर्डा १९९७ मध्ये लिहिला, चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, मनासारखं झालं नाही म्हणून पुन्हा केलं. खऱ्या पावसातच चित्रण करायचं या हट्टापायी कित्येक पावसाळे गेले. छायाचित्रकार पंकज कुमार हे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटचे विद्यार्थी. गोष्टीतला कोकणातला वाडा उभा राहिला पुण्यापासून तासाभरावरच्या सासवडला, सरदार पुरंदऱ्यांच्या वाड्यात. व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात या चित्रपटानं झाली.

‘तुंबाड’मधली एक कृती जवळून पाहण्यासारखी आहे. विनायक (सोहम शाह) दोराला लटकून विहिरीसारख्या गर्भात उतरतो. भोवती पिठाचं रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली समोर ठेवतो. तिथला भुकेला, शापित देव हस्तर बाहुलीवर तुटून पडतो. त्याच्या लंगोटाची गाठ सुटली की आतल्या मोहरा खाली सांडतात, आणि विनायक त्या गोळा करून दोरावरून वर पळतो. ही चोरी आहे आणि त्याच वेळी हा बळीही आहे. माणसाच्या जागी कणकेची आकृती देण्याची युक्ती आपल्या कुळाचारांमध्ये जुनी आहे, कोहळा कापतात तोही त्याच समजुतीनं. विनायकाला पुण्यात परत येऊन सावकाराकडं एकेक मोहर विकताना, दारात गाडी उभी करताना आणि बाहेरख्याली होताना आपण पाहतो. पुढं तो आपल्या पायानं अधू मुलालाही दोर चढायला शिकवतो. मुलाच्या भूमिकेतला मोहम्मद समद आणि साखळीनं बांधलेली, शापानं मरण न आलेली म्हातारी हे एकच नट आहेत. घराण्याचं पहिलं आणि शेवटचं टोक एकाच देहात दाखवण्याची ही निवड चित्रपटाचा सगळा अर्थ सांगून जाते.

गोष्टीची तीन पर्वं १९१८, १९३३ आणि १९४७ या सालांत घडतात. इथं पुण्याचा सामाजिक इतिहास पडद्यावर येतो. बाळाजी विश्वनाथ श्रीवर्धनहून घाटावर आले, तेव्हापासून कोकणातली ब्राह्मण घराणी पुण्यात येत राहिली. मागं जमीन, खोती, वाडा आणि देव ठेवून. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चा खोती नष्ट करणारा कायदा आला. त्याआधी, गांधीहत्येनंतर, जाळपोळही झाली. गावाकडचं वैभव काही वर्षांत संपलं आणि वाडे कुलूप लावून पडून राहिले. ‘तुंबाड’च्या शेवटच्या पर्वात सरकार वाडा ताब्यात घेणार म्हणून बापलेक घाई करतात, ती घाई या इतिहासातली आहे. शहरातली सुखवस्तू माणसं ज्या पैशावर उभी राहिली, तो पैसा कुणाच्या तोंडचा घास होता, हा प्रश्न चित्रपट विचारतो आणि उत्तर विहिरीच्या तळाशी ठेवतो.

छोट्या पडद्यावर हेच रसायन ‘रात्रीस खेळ चाले’नं २०१६ मध्ये वापरलं. सिंधुदुर्गातल्या आकेरीचा नाईकांचा वाडा, अण्णा नाईकांचा मृत्यू आणि तेराव्याआधीच सुरू झालेलं वाटणीचं भांडण. कोकणाची बदनामी होते, अंधश्रद्धेला खतपाणी मिळतं, असे आक्षेप तेव्हा घेतले गेले. पण घराघरांत लोक ज्यात गुंतले ती वाटणी होती. सातबाऱ्यावरच्या नावांवरून भावंडांचे अबोले ज्या राज्यात घरोघर आहेत, तिथं यापेक्षा ओळखीचं भूत कुठलं असणार?

७ जून २०२४ रोजी ‘मुंज्या’ आला. दिग्दर्शक आदित्य सरपोतदार हे पुण्याच्या सिनेमाघराण्याची चौथी पिढी. मूकपटांच्या काळात पुण्यात चित्रपट काढणारे आणि पुढं लक्ष्मी रस्त्यावर पूना गेस्ट हाऊस सुरू करणारे नानासाहेब सरपोतदार हे त्यांचे पणजोबा. आदित्य यांनी २०२२ मध्ये ‘झोंबिवली’तून डोंबिवलीत झोंबी आणले होते आणि पाण्यासाठी तडफडणाऱ्या वस्तीची गोष्ट त्यात गुंफली होती. ‘मुंज्या’त १९५२ सालचं कोकण आहे. मनातल्या मुलीशी लग्न व्हावं म्हणून एक मुंज झालेला मुलगा चेटुकवाडीत जादूटोणा करायला जातो आणि स्वतःच्या धाकट्या बहिणीचाच बळी द्यायला निघतो. डाव उलटतो, तो मरतो आणि मुंजा होतो. वाचलेली बहीण पुढं पुण्यात आजी होऊन राहते (सुहास जोशी). तिचा नातू बिट्टू भित्रा आहे आणि त्याची आई ब्यूटी पार्लर चालवते. घराण्यात झाकून ठेवलेली गोष्ट तिसऱ्या पिढीतल्या पोराच्या मानगुटीवर बसते.

या चित्रपटानं शंभर कोटींचा टप्पा ओलांडला. तीन महिन्यांनी, १३ सप्टेंबरला, ‘तुंबाड’ पुन्हा प्रदर्शित झाला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमवून गेला. एकाच वर्षी देशभरच्या प्रेक्षकांनी दोन गोष्टी डोक्यावर घेतल्या आणि दोन्हींत माणसं पुण्यात राहतात, देणं मात्र कोकणात फेडायचं राहिलेलं असतं.

या सगळ्याचा हिशेब मांडताना दोन्ही बाजू पाहाव्या लागतात. हिंदीच्या पैशानं मराठी लोककथा देशभर गेली, ही कमाई. पण यशाची चव लागल्यावर मुंजा हा चित्रपटमालिकेतला एक शिक्का होतो, पुढच्या भागाची जाहिरात होतो आणि त्याच्यामागची सोडमुंज, पिंपळ, आईबापांचं दुःख मागं पडतं. खुद्द मराठी भाषेतला भयपट अजूनही थोड्या पडद्यांवर, थोड्या दिवसांपुरता लागतो. ‘लपाछपी’ बहुसंख्य लोकांनी पाहिला तो ‘छोरी’ म्हणून.

दुसरा मुद्दा अंधश्रद्धेचा. भयपटांमुळं भुताखेतांवरचा विश्वास वाढतो, ही तक्रार जुनी आहे आणि टीव्हीवरच्या कित्येक मालिकांना ती लागूही पडते. पण चांगल्या मराठी भयपटांकडं पाहिलं तर उलटं चित्र दिसतं. ‘मुंज्या’तला भूत उतरवणारा बाबा ढोंगी आणि विनोदी आहे. ‘लपाछपी’तली भुतं गुन्हा उघड करायला मदत करतात. ‘तुंबाड’मध्ये शाप आहे, पण तो ओढवून घेणारी हाव संपूर्ण मानवी आहे. प्रभातच्या राजगुरूपासून सासवडच्या वाड्यापर्यंत राक्षस कोण या प्रश्नाचं उत्तर फारसं बदललेलं नाही. बदललं ते एवढंच, की १९३४ चा सिनेमा प्रेक्षकाला राजाच्या बाजूला बसवून राजगुरूकडं बोट दाखवत होता. आताचा सिनेमा त्याला घरच्या माणसांत बसवतो आणि तुमच्या घरातल्या सुखासाठी बळी कुणाचा गेला, असं विचारतो. सुधारकांनी पुण्यात दीडशे वर्षं हाच प्रश्न व्याख्यानांतून विचारला. तो अंधारात बसवून विचारला तर लोक पैसे देऊन ऐकतात, हे भयपटानं सिद्ध केलं.